आंबट नसलेलं सरबत

मैत्रिणींनो, उन्हाळा आला की घरोघरी लिंबू, कोकम, पन्हं. पण ज्यांचं मूत्राशय नाजूक, त्यांना हीच आंबट पेयं पुष्कळदा बाधतात. आमच्या सासूबाईंना दर अर्ध्या तासाला उठावं लागे. त्यांनी लग्नकार्याला जाणं सोडलं, आणि पाणी पिणंही! पाणी तोडलं की लघवी दाट होते अन् जळजळ उलट वाढते, हे पटवता पटवता माझी पुरेवाट झाली.

शेवटी नासपती कामी आली. दोन पिकलेली फळं सोलून, फोडी करून दोन भांडी पाण्यात मऊ शिजवा. गार झाल्यावर घुसळून गाळा. साखर अगदी बेताची. लिंबू पिळायचा मोह टाळा, सोडा तर नकोच. कलिंगडाचा रसही बहुतेकींना सोसतो. तरी प्रत्येकीची तऱ्हा निराळी, म्हणून नवं फळ एका वेळी एकच, दोन-तीन दिवस देऊन बघा. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं, तर सरबतावर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा.

दिवसभर घोट घोट घ्यावं, निजण्याआधी दोन तास बंद. सासूबाई एवढं सगळं ऐकतात. चहाचं नाव काढलं की मात्र ऐकू येईनासं होतं!