खिडकी एक, मेजें दोन

काम करण्यापेक्षां कामाची तयारी करण्यांत मनुष्याला जो आनंद होतो, त्याची मीमांसा कोणी केली आहे कीं नाहीं कोण जाणे! जून महिन्यांत नव्या वह्यांना कागदी वेष्टनें चढवीत बसलेल्या मुलाचा चेहरा पाहावा. त्या वह्यांत पुढें काय लिहिलें जाणार आहे, याची चिंता त्या घटकेला त्याला शिवत नाहीं. तीस-बत्तीस वर्षें अध्यापनांत घालविल्यामुळें हा आनंद मीं दुसऱ्यांच्या मुद्रेवर पुष्कळदां पाहिला होता. परंतु तो स्वतः मनसोक्त उपभोगण्याचा योग सेवानिवृत्तीनंतरच आला.

माझ्या आजोळच्या नदीकांठच्या गांवाविषयीं एक पुस्तक लिहावें, असा माझा जुना संकल्प होता. तो सिद्धीस न जाण्याचें कारण मीं फार दिवसांपासून निश्चित करून ठेविलें होतें. घरांत मला जागा नव्हती! जेवणाच्या मेजावर बसावें तर भाजीची परात येई. पलंगावर बसावें तर झोंप येई. पुढें चिरंजीव नोकरीनिमित्त बंगलोरास गेले, तेथेंच त्यांचा संसार थाटला, आणि आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडांतली त्यांची खोली रिकामी झाली. दहा फूट रुंद, अकरा फूट लांब आणि उत्तरेला एक रुंद खिडकी. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशीं मीं मोजपट्टी घेऊन त्या खोलींत प्रवेश केला.

तयारी करावयाची ती यथाशास्त्र, हा माझा बाणा. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून चित्रकार तोच पसंत करतात, हें मला ठाऊक होतें. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित् उत्तरेकडे झुकतो. तेवढ्यापुरता मीं एक जाड पडदा शिवून घेण्याचें ठरविलें. लिहिण्याच्या मेजाची उंची तीस इंच धरली. परंतु संगणकाच्या कळा बडवावयाच्या तर हात थोडे खालीं हवेत, असें सुतारानेंच सुचविलें, आणि सत्तावीस इंचांवर एक सरकती फळी बसविली. उंचीचा हिशेब चुकला, तर खांदे संध्याकाळीं त्याची व्याजासह वसुली करतात. मग कप्पे झाले, कप्प्यांवर चिठ्ठ्या आल्या. टांचण्या, डिंक, पेन्सिली, नकाशे, जुनीं पत्रें, प्रत्येकाला स्वतंत्र घर मिळालें. कसरीसाठीं कडुनिंबाचा वाळलेला पालाहि पुस्तकांमागें घातला. मनाला थोडी शंका आली, तेव्हां मीं समर्थांचा आधार घेतला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. त्यांत बरू कोणते आणावेत येथपासून ओळी कशा आंखाव्यात येथपर्यंत सर्व कांहीं आहे. जेथें समर्थांना साहित्याची निवड क्षुल्लक वाटली नाहीं, तेथें मी कोण!

एवढ्या सगळ्या व्यवस्थेंत एकच वस्तु मला अडचणीची वाटत होती. खिडकीखालीं आमच्या घरचें शिवणयंत्र उभें होतें. पायानें चालवावयाचें, जुनें, काळें, लग्नानंतर तिसऱ्या वर्षीं घेतलेलें. चिरंजीव गेल्यावर तें केव्हां या खोलींत आलें, हें मला आठवतहि नाहीं. शेजारीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि जुन्या कपड्यांचें एक गांठोडें. मेज खिडकीसमोर ठेवून बाहेरच्या आंब्याकडे पाहत लिहावयाचें, हें चित्र माझ्या मनांत पक्कें झालें होतें.

"हें मशीन गॅलरींत ठेवलें तर?" मीं सहज विचारावें तसें विचारलें.

आमचें कुटुंब म्हणाले, "गॅलरींत?"

विद्वान् माणसाला मोह आवरत नाहीं. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेनें १९२९ सालीं एक पुस्तक लिहून, लेखन करावयाचें तर स्वतःची खोली आणि वर्षाला पांचशें पौंड हवेत, असें सांगून ठेविलें आहे, हें मीं तिला समजावून दिलें. पांचशें पौंडांची व्यवस्था निवृत्तिवेतनानें केली होती. खोली तेवढी राहिली होती.

तिनें सगळें ऐकून घेतलें. "बरं," ती म्हणाली. त्याच संध्याकाळीं आम्ही दोघांनीं यंत्र उचलून गॅलरींत नेलें, आणि तिनें त्यावर एक जुनी चादर घातली.

आषाढाच्या पहिल्या दिवशीं मी मेजासमोर बसलों. कालिदासाचें स्मरण केलें. समोरच्या आंब्यावर पाऊस पडत होता. तो मीं पाहिला. दुसऱ्या दिवशींहि पाहिला. खिडकीचा उजेड सरळ डोळ्यांवर येई आणि संगणकाचा पडदा त्यापुढें काळवंडलेला दिसे, म्हणून मी डोळे चोळीत उठे आणि कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या अधिक सुवाच्य अक्षरांत लिहून काढी. पत्रें प्रथम सालांप्रमाणें लावलीं, मग व्यक्तींप्रमाणें, मग पुन्हां सालांप्रमाणें. महिनाभरांत पुस्तकाचीं दीड पानें झालीं. तेवढ्या अवधींत मी इतका व्यवस्थित झालों होतों, कीं डोळे मिटून कातरीवर हात ठेवूं शकत असें. मात्र कापावयाला कांहींच नव्हतें.

श्रावणांतल्या एका दुपारीं लिहितां लिहितां, खरें म्हणजे न लिहितां न लिहितां, घरांत कांहींतरी उणें आहे असें मला वाटूं लागलें. पाऊस थांबला होता. रस्त्यावरचा आवाज नेहमींचाच होता. घड्याळ चालू होतें. मग काय थांबलें आहे? बऱ्याच वेळानें उमगलें. यंत्राचा आवाज मीं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. तीस वर्षें दुपारच्या माझ्या डुलकीला ज्या खडखडाटाची साथ होती, तो बंद होऊन दीड महिना लोटला होता, आणि मला तें आतां कळत होतें!

मी गॅलरींत गेलों. चादर ओली होती. सुईवर तांबूस गंज चढला होता, चाकावरची चामड्याची वादी दमटपणानें सैल पडली होती. खालीं गांठोडें होतें. तें मीं सोडलें, आणि वरच्याच घडीला ओळखलें. माझ्या आईचें जांभळें नऊवारी लुगडें! त्याचे चौकोन कापलेले होते. कांहीं एकमेकांना जोडलेले, कांहीं सुटे. आणि त्या जांभळ्या रंगावर बुरशीचे पांढरे ठिपके उमटले होते.

मार्गशीर्षांत आमच्या सुनेला दिवस भरावयाचे होते. त्या बाळासाठीं आजेसासूच्या लुगड्याची गोधडी करावयाची, हें तिच्या मनांत होतें. मला तिनें एकदां सांगितलेंहि असेल. मीं ऐकलें नसेल.

"अगं, शिवणं बंद केलंस?" मीं विचारलें.

"बंद कशाला करीन? पण गॅलरींत पावसाची झड येते, आणि चार वाजले कीं दोरा दिसत नाहीं." तिच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हावयाची आहे. "दिवाळीनंतर ऊन पडेल तेव्हां बघूं, म्हटलं."

तिच्या स्वरांत तक्रार नव्हती. असती तर बरें झालें असतें. मला आपली बाजू मांडतां आली असती.

त्या रात्रीं मीं वुल्फबाईंचें पुस्तक कपाटांतून काढलें. कपाटावरची चिठ्ठी बिनचूक असल्यामुळें तें तत्काळ सांपडलें. पुस्तक वाचून मला माझीच लाज वाटली. १९२८ सालीं केंब्रिजच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांतून तें उभें राहिलें आहे, आणि त्यांतील खोलीची मागणी स्त्रीसाठीं आहे. घरांत स्त्रीला एकांत नाहीं, हक्काची जागा नाहीं, म्हणून तिच्या हातून जें निर्माण व्हावयाचें तें होत नाहीं, असा त्या बाईंचा दावा. आणि त्याच दाव्याचा आधार घेऊन मीं आमच्या घरांतल्या स्त्रीला खिडकीवरून उठविलें होतें! आपल्याकडील बहिणाबाई चौधरी यांचीहि मग आठवण झाली. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करतां करतां त्या गाणीं रचीत. तीं मुलानें टिपून ठेविलीं म्हणून वांचलीं, आणि १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं, पुस्तकरूपानें निघालीं. खोलीवांचून असें होऊं शकतें, यावरून खोली नको असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात. ज्यांचीं गाणीं टिपून घेणारें कोणी नव्हतें, अशा किती जणी जात्यापाशींच संपल्या, हा हिशेब मात्र आपण करीत नाहीं. मी ज्या गांवावर पुस्तक लिहावयाला बसलों होतों, त्या गांवची लेक म्हणजे माझी आई. आणि तिचें लुगडें गॅलरींत भिजत होतें.

दुसऱ्या दिवशीं यंत्र परत खोलींत आलें. यावेळीं मांडामांड तिनें केली. मी पहिल्यानें मोजपट्टी घेऊन आलों होतों. तिनें प्रश्न घेऊन सुरुवात केली. "यांतलं रोज हातांत काय काय घेतां?" रोजचें म्हणून मला चारच वस्तु सांगतां आल्या. त्या हाताशीं राहिल्या. आठवड्याला लागणाऱ्या फळीवर गेल्या, वर्षाला लागणाऱ्या माळ्यावर. माझ्या सुवाच्य चिठ्ठ्यांपैकीं बऱ्याच निरुपयोगी ठरल्या. तिच्या पत्र्याच्या डब्यावर एकहि चिठ्ठी नव्हती. परंतु तिचें सगळें दुकान जेवणाच्या मेजावर पांच मिनिटांत मांडलें आणि पांच मिनिटांत आवरलें जात असे. दुसऱ्याच्या वेळेंतून काढलेल्या वेळांत ज्याला काम करावें लागतें, त्याला व्यवस्था शिकवावी लागत नाहीं.

राहिला प्रश्न खिडकीचा. उजव्या हातानें लिहिणाराला उजेड डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाहीं. शिवणयंत्राची सुई डाव्या टोकाला असते. तेव्हां तिलाहि उजेड डावीकडूनच हवा. खिडकी एक आणि डाव्या बाजू दोन! शेवटीं उत्तर माझ्या धंद्यांतच सांपडलें. वर्गांतल्या बांकांसारखीं एकापाठीमागें एक अशीं दोन मेजें लावलीं, दोन्ही पूर्वाभिमुख, दोघांच्याहि डाव्या हाताला खिडकी. डोळ्यांवर येणारा उजेड आपोआप टळला. सुईच्या नेढ्याला कागदापेक्षां अधिक उजेड लागतो, म्हणून पुढचें बांक तिचें. आयुष्यभर वर्गापुढें उभा राहिलेला मी आतां मागच्या बांकावर बसतों.

सगळें सुरळीत झालें, असें सांगितलें तर तें खोटें होईल. खडूची भुकटी माझ्या कागदांवर येते. वादी बदलून, सुई बदलून, यंत्राला तेल पाजलें, त्याचा एक थेंब पहिल्या प्रकरणाच्या पानावर अजून आहे. ऐन वाक्य जुळत असतांना खडखडाट सुरू होतो आणि वाक्य पळून जातें. माझ्या मोठ्यानें पुटपुटण्यानें तिचे टांके मोजावयाचे चुकतात. यावर आम्ही भांडलों आहों, आणि पुढेंहि भांडूं. तूर्त असा तह झाला आहे, कीं सकाळीं ती कापणें आणि हाताचा धावदोरा ही मुकीं कामें करते आणि मी लिहितों. दुपारीं ती यंत्र चालविते आणि मी वाचतों. दिवेलागणीपूर्वीं दहा मिनिटें दोघांनींहि आपापलें मेज मोकळें करावयाचें.

लुगड्यावरचे ठिपके लिंबू आणि उन्हानें पुष्कळसे गेले. दोन चौकोनांवरचे गेले नाहींत. ते तिनें टाकले नाहींत, आंतल्या थरांत घातले. गोधडी बाळ जन्मल्यावर आठ दिवसांनीं बंगलोरास पोहोंचली. माझें पुस्तक अद्याप तिसऱ्याच प्रकरणांत आहे.

परवां सकाळीं मी एका वाक्यापाशीं अडलों. हात कळांवरून निघाले होते; एखादें मिनिट झालें असेल नसेल. पुढच्या बांकावरून, मान न वळवतां, धावदोरा घालतां घालतां तिनें विचारलें, "काय हो, थांबलांत?"

तिचें यंत्र थांबल्याचें मला दीड महिन्यानें कळलें होतें. मीं पुन्हां लिहावयाला सुरुवात केली.