राक्षसाची एन्ट्री!

वडसा स्टेशनवरून लाखांदूरची एसटी पकडा. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या, कानात डेथ मेटल. ट्राय तर करा!

सुरुवात मुंबईच्या ‘गटस्लिट’पासून. ‘अ‍ॅम्प्युथिएटर’ (२०१७) म्हणजे नॉनस्टॉप हाणामारी. जुन्या वळणाचं हवंय? हैदराबादच्या ‘गॉडलेस’चा ‘स्टेट्स ऑफ केऑस’ (२०२१). सूर आणि गोष्ट दोन्ही हवंय? मग मुंबईच्याच ‘डेमॉनिक रिझरेक्शन’चा ‘दशावतार’ (२०१७), मत्स्यापासून थेट कल्कीपर्यंत.

शेजारच्या काकांनी एक इअरफोन मागितला. मी जाम टेन्शनमध्ये. घरीसुद्धा कुणी हे ऐकत नाही. काका म्हणाले, ‘राक्षसाची एन्ट्री हाय का?’ बरोब्बर! दिवाळीनंतर रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटकं बघणारे कान ते. आपणच उगाच लाजतो. पुढच्या वेळी दुसरा इअरफोन स्वतःहून द्या.