डिसेंबरातलं लंडन आणि गरमागरम मिन्स पाय

ऑनसाइट म्हणून लंडनला चाललायत, तेही डिसेंबरात? मग आधीच ऐकून ठेवा: 25 तारखेला हे शहर चक्क बंद असतं. ट्यूब नाही, लाल बस नाही, देशभरात ट्रेन नाही. दुपारी चारच्या आत अंधार. ऑक्सफर्ड स्ट्रीटचं लायटिंग बघून झालेलं असतं, ऑफिसमधली मंडळी आपापल्या गावी सटकलेली असतात. खोलीत एकट्याने नूडल्स खायचे नसतील, तर 24 ला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरा. तिथे मिन्स पाय चालू असणार.

नावावरून खिमा आठवतो ना? बरोबरच आहे. गर्व्हेस मार्कमच्या 1615 सालच्या पुस्तकातल्या कृतीत मटणाची अख्खी तंगडी आहे, सोबत मनुका आणि मसाले. मांस पुढे हळूहळू गळालं, नाव राहिलं. राहिली सूएटही, म्हणजे गाई-मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. तेव्हा व्हेज मंडळींनो, बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय चमचा घालू नका! व्हेजिटेबल सूएट सुपरमार्केटात सहज मिळतं. (मिन्स पाय खाणं इंग्लंडात अजून बेकायदा आहे, अशी थाप कुणीतरी मारेलच. 1647 मध्ये पार्लमेंटने ख्रिसमसवरच बंदी घातली होती हे खरं, पण ती केव्हाच उठली.)

मी क्रॉयडनला राहत होतो. शेजारच्या आजींनी सारण आधीच घालून ठेवलं होतं: मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल, ब्राउन शुगर, दालचिनी, जायफळ, ब्रँडी. आणि ब्रॅम्ली सफरचंद. हे नुसतं खाल तर दात आंबतील, पण शिजलं की अगदी लोण्यासारखं होतं. सरे स्ट्रीटच्या जुन्या मंडईतून आणायचं.

माझ्या वाट्याला पारी आली. 225 ग्रॅम मैदा, 110 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे सगळं उलट! लोणी फ्रीजमधलं, पाणी बर्फाचं, दोन-तीन चमचेच. ‘हात गार आहेत ना?’ हा आजींचा पहिला प्रश्न. बोटांच्या टोकांनी चोळायचं, ब्रेडच्या चुऱ्यासारखं दिसलं की थांबायचं. मळत बसलात की पारी चिवट झालीच म्हणून समजा. मग गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये.

उथळ खळग्यांच्या ट्रेमध्ये चकत्या बसवा, सारण चमचाभरच. हावरटपणा केलात तर उकळून बाहेर येतं आणि ट्रेला चिकटतं. वर चांदणीच्या आकाराचं झाकण. 200 डिग्रीला साधारण वीस मिनिटं.

त्या वासाला तोड नाही. दुकानातले मिन्स पाय तर सप्टेंबरपासूनच फडताळावर दिसतात, गोडमिट्ट आणि ओलसर. खाऊ नका असं नाही, पण त्यावरून मत बनवू नका. आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या चावू नका, सारण जीभ भाजतं. दहा मिनिटं गप्पा मारा, मग वर क्रीम घाला. आजींच्या घरी एक पाय आणि शेरीचा ग्लास फादर ख्रिसमससाठी शेगडीपाशी. त्याच्या रेनडिअरला गाजर. नातवंडं मोठी होऊन ऑस्ट्रेलियाला गेली, तरी ठेवतात.

ख्रिसमसपासून पुढचे बारा दिवस रोज एक मिन्स पाय खाल्ला की वर्षाचे बारा महिने चांगले जातात म्हणे. आजींनी डब्यात मोजून सहा दिले. उरलेले सहा न्यायला परत यायचं, ही अट.