अभ्यासिकेतला बोर्ड

तो भिंतीवर नाही. अभ्यासिकेतल्या लांब टेबलाच्या मधोमध, मुलांच्या हाताशी येईल असा, स्क्रूंनी घट्ट बसवलेला आहे. लाकडी पेटी, वर पांढरी सनमायका, तिच्यावर दोन रांगांत बारा सॉकेट, बारा बटणं आणि कडेला एक लाल दिवा. सनमायका आता कडांना पिवळी पडली आहे. तिसऱ्या सॉकेटची पकड सैल झाली आहे. त्यात पिन घातल्यावर शेजारी कागदाची घडी खुपसावी लागते. सातव्याचं बटण बंद न करता पिन लावली तर बारीक ठिणगी उडते, म्हणून नवी मुलं त्याच्या वाटेला जात नाहीत. बाराव्यासाठी सगळ्यांची धडपड, कारण ते खिडकीच्या टोकाला येतं आणि रेंज खिडकीपाशीच असते.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची ओळख एका ओळीत संपते: विद्युत बोर्ड, नग एक. कपाटं, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ यांच्या खाली त्याचं नाव. पण या वाचनालयात गेल्या काही वर्षांत जे बदललं ते सांगायचं झालं, तर मी ग्रंथपाल मॅडमच्या आधी या बोर्डाची साक्ष काढीन.

त्याचा जन्म टाळेबंदीनंतरचा. त्याआधी या दालनात एकच पॉइंट होता, तोही वार्षिक सभेच्या लाऊडस्पीकरसाठी काढलेला. मार्च २०२० मध्ये वाचनालय बंद झालं, ते राज्य सरकारने १५ ऑक्टोबरपासून ग्रंथालयं उघडायला परवानगी दिल्यावर उघडलं. शाळा-कॉलेजं तेव्हाही फोनवरच चालली होती. मुलांकडे फोन होता. नव्हती ती बसायला जागा. घरात दोन खोल्या, एक पंखा, एक टीव्ही, खोकणारी आजी आणि हाका मारणारा धाकटा भाऊ. ही मुलं फोन हातात घेऊन आमच्या दारात आली. पुस्तक मागायला कोणी आलं नव्हतं. खुर्ची हवी होती, पंखा हवा होता आणि आजूबाजूला आपापलं काम करणारी गप्प माणसं हवी होती.

दुपारपर्यंत फोनचा जीव जायचा. मग त्या एका पॉइंटला कोणीतरी मल्टीप्लग लावायचा, त्याच्यात दुसरा, त्याच्यात घरून आणलेली एक्सटेन्शन. वायरी खुर्च्यांच्या पायांत अडकायच्या. एका संध्याकाळी कोणीतरी नूडल्स करायला इलेक्ट्रिक किटली लावली आणि एमसीबी पडला. काउंटरवर देवघेव चालू होती, तिथेही अंधार. दुसऱ्याच दिवशी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने दालनाची मापं घेतली, स्वतंत्र वायर ओढली आणि हा बोर्ड जागेवर बसून तयार केला. खाली खडूने लिहून गेला, ‘फक्त मोबाइल, लॅपटॉप’. खडू पुसला गेला, पण ते शब्द मुलांनी अजून मोडलेले नाहीत.

कार्यकारी मंडळात या बोर्डावरून वाद झाला. मीही त्या बैठकीला होतो. विजेचं बिल कोण भरणार, हा पहिला प्रश्न. कोषाध्यक्षांनी कागदावर हिशेब मांडला. पाच हजार एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, वाया जाते ती धरून, साधारण पंचवीस वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस फोन. डोक्यावरचा पंखा तासाभरात जेवढी वीज घेतो तेवढ्यात तीन फोन भरतात. पंख्याचे पैसे आपण कधी कोणाकडे मागितले नाहीत, असं ते म्हणाले, आणि विषय मंजूर झाला. आमच्या मंडळात मी ऐकलेल्या उत्तम भाषणांपैकी ते एक आहे.

बोर्डाला दिवसभर कोण भेटतं? सकाळी नीट आणि जेईईची मुलं, अकरावी-बारावीची. दुपारी पोलीस भरतीची तयारी करणारे, मैदानावरून घामेजून आलेले दादा लोक. संध्याकाळी दहावीची पोरं. फोन पालथा ठेवलेला असतो, पण झोपलेला नसतो. त्याच्या पोटात वायपीटी नावाचं कोरियन अ‍ॅप चालू असतं. त्यावर अभ्यासाचं घड्याळ लावायचं, आणि गटातल्या प्रत्येकाला दिसतं की आत्ता कोण अभ्यासाला बसलंय आणि आज किती तास झाले. गटातली एक मुलगी लातूरला असते, एक नांदेडला, दोघं कोट्याला. आमच्या टेबलावर बसलेला मुलगा त्यांच्याबरोबरही बसलेला असतो. तो उठला की तिकडे त्याचं घड्याळ थांबतं. गटातल्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नसतील, पण त्यांच्या धाकाने तो तासभर जास्त बसतो.

टेलिग्रामवर नोट्सचे गट, यूट्यूबवर भौतिकशास्त्राचे सर, ई-बालभारतीवरून उतरवलेली पाठ्यपुस्तकं. संदर्भग्रंथ घरी न्यायचा नसतो म्हणून पूर्वी मुलं त्यातली पानं वहीत उतरवून घ्यायची; आता फोटो काढतात आणि पाच जणांना पाठवतात. ते चार-पाच फोटो किती वेळा वाचले जातात हे मला सांगता येणार नाही. पण पुस्तक कपाटातून बाहेर येतं, उघडलं जातं, हे मी पाहतो.

मुलींची गोष्ट वेगळी, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आमच्यासारख्या गावात सोळा वर्षांच्या मुलीने संध्याकाळी साडेसातपर्यंत घराबाहेर बसायला जागा कुठे असते? चहाची टपरी मुलांची, मैदान मुलांचं, बसस्टँडवर कोणी थांबू देत नाही. “वाचनालयात आहे” एवढंच एक उत्तर घरी चालतं. त्या उत्तरासोबत फोनवरून लाइव्ह लोकेशन आईला जातं, आणि ते जात राहण्यासाठी बॅटरी लागते. पंधरा टक्क्यांवर आलेल्या फोनची मुलगी सात वाजायच्या आत वही बंद करून निघते. आपलं टिपण अर्धवट टाकून निघालेल्या अशा मुली मॅडमनी पाहिल्या होत्या. बोर्ड बसल्यावर त्या बंद होण्याच्या वेळेपर्यंत थांबू लागल्या.

या सगळ्यात बोर्डाचा एक गुण कोणी ठरवून दिलेला नाही. फोन माणसाला एकटं करतो असं आपण म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण सॉकेट बारा आणि मुलं तीस, त्यामुळे या दालनात तोंड उघडावंच लागतं. “दादा, तुमचा भरला का?” “ताई, माझा काढू नका ना, नऊच टक्के आहे.” अशी सुरुवात होते. त्यातून कळतं की समोरचा कुठल्या गावाहून एसटीने येतो, त्याची परीक्षा कधी आहे, त्याच्याकडे गणिताची कोणती टिपणं आहेत. बोर्डाभोवती नियमही आपोआप तयार झाले. ज्याची बॅटरी सर्वांत कमी त्याचा पहिला नंबर. ऐंशीच्या वर गेला की काढायचा. ऑनलाइन पेपर देणाऱ्याची पिन कोणीही उपटायची नाही. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत, मॅडमना ते राबवावे लागत नाहीत.

त्यांच्यातल्याच कोणीतरी अभ्यासिकेचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला. सकाळी सहाला पहिला संदेश येतो, ‘खिडकीची जागा आहे का?’ मग हरवलेल्या डब्याचे फोटो, भरतीच्या जाहिराती, आणि अधूनमधून एखादं पुस्तक. इन्स्टाग्रामवर कर्णावरचा रील पाहून एका मुलाने गटावर विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? कोणीतरी ‘मृत्युंजय’ असं उत्तर दिलं. त्या आठवड्यात आमच्याकडच्या प्रती बाहेर गेल्या आणि मॅडमना प्रतीक्षा यादी करावी लागली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. तिला एवढे तरुण वाचक एका रीलने मिळवून दिले, हे मान्य करायला हवं. मागणी वहीतही आता ‘इकिगाई’ आणि ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ ही नावं मुलांच्या अक्षरात वारंवार दिसतात. माझ्या आवडीची ती पुस्तकं नाहीत, पण मागणी वही वाचकांच्या आवडीसाठी असते.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. दुपारच्या सुस्त वेळी याच बोर्डावर फोन लावून मुलगा अंगठ्याने रील सरकवत बसतो, आणि तास कधी गेला ते त्याला कळत नाही. कथा-कविता मागणारी मुलं कमी झाली आहेत. दिवाळी अंकांच्या कपाटाकडे या टेबलावरचं कोणी जात नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. जुने सभासद कुरकुरतात की हे वाचनालय राहिलं नाही, चार्जिंगचं दुकान झालं. त्यांचं दुःख मी समजू शकतो. त्यांनी या दालनात वर्तमानपत्रांच्या पानांचा आवाज ऐकत आयुष्य घालवलं आहे. पण वाचनालयात माणसं फक्त पुस्तकासाठी येत होती, असं कधीच नव्हतं. पुण्यात १८४८ मध्ये, नाशिकला त्याआधी १८४० मध्ये ग्रंथालयं निघाली तेव्हा लोक एकत्र जमत, आलेली वर्तमानपत्रं वाचत, बातम्यांवर बोलत. तेव्हाच्या नव्या माध्यमासाठी लोकांना एक खोली हवी होती. आजच्या मुलांनाही तीच हवी आहे.

आमचा कागदोपत्री कारभार मात्र या मुलांना ओळखत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्यावर अनुदान ठरतं. वर्ग ठरतो तो ग्रंथांची संख्या, नियतकालिकं, सभासद, उघडं राहण्याचे तास यांवर. दिवसभर टेबलावर बसून, एकही पुस्तक न नेता उठणारी मुलगी आमच्या देवघेवीच्या आकड्यात येत नाही. ती रोज येते, तिचं पुढचं सगळं इथे ठरतंय, आणि वार्षिक अहवालात तिच्यासाठी रकाना नाही.

मुलं काय करतात ते आधी नीट पाहून मग ग्रंथालय बदलल्याचं एक उदाहरण शिकागोचं आहे. मिझुको इटो या संशोधिकेने सहकाऱ्यांसह अमेरिकेतली किशोरवयीन मुलं ऑनलाइन नेमकं काय करतात याचा अभ्यास केला. मित्रांबरोबर नुसतं रेंगाळणं, काहीतरी खटपट करून पाहणं, आणि एखाद्या गोष्टीने झपाटून जाणं, असे तीन प्रकार त्यांना दिसले. २००९ मध्ये शिकागोच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयाने तळमजल्यावरची साडेपाच हजार चौरस फुटांची जागा या तिन्ही गोष्टींसाठी मुलांना दिली, यूमीडिया नावाने. सोफे, कॅमेरे, संगणक, ध्वनिमुद्रणाची खोली आणि मुलांशी बोलणारी मोठी माणसं. चान्स द रॅपर हा पुढे ग्रॅमी मिळवणारा गायक शाळकरी वयात तिथे जायचा. आपली सुरुवातीची गाणी त्याने त्या ग्रंथालयात ध्वनिमुद्रित केली.

आमच्याकडे साडेपाच हजार फूट नाहीत, ध्वनिमुद्रणाची खोली नाही. आमच्याकडे बोर्ड आहे, आणि त्या तिन्हींतलं रेंगाळणं त्याने एकट्याने उभं केलं. उरलेल्या दोन गोष्टींना लागतो माणूस: मुलगा रील पाहतोय हे दिसल्यावर त्याला न रागावता “यातलं तुला काय आवडलं?” असं विचारणारा. मॅडम हे करतात, पण काउंटर, नोंदी आणि अनुदानाची कागदपत्रं सांभाळून उरलेल्या वेळात.

मागणी वहीच्या ताज्या पानावर पुस्तकांच्या नावांखाली एक ओळ आहे: ‘मुलींच्या बाजूला आणखी एक बोर्ड हवा.’ खाली अकरा सह्या, त्यातल्या चार मुलांच्या. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, आणि त्याला दुसरा जोडणार आहे: संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळेत टेबलापाशी बसायला एक अर्धवेळ सहायक. वायरमनने बोर्डाचा खर्च सांगितला आहे, तो आम्हाला झेपेल. सहायकाच्या मानधनासाठी वर्गणी काढावी लागेल, आणि पहिली पावती मी माझ्या नावाची फाडणार आहे.