‘ळ’ कुठे गेला?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा फायदा म्हणजे पाच रेघांवरचं म्युझिक वाचता येतं. आणि तोटा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाशी जन्माचं भांडण! परवा हे दोन्ही एकाच रात्री समोर आलं.

ताईला बाळ झालं. आजीला आता दम लागतो, ती गात नाही. पण मागच्या मे महिन्यात तिची अंगाई मी फोनवर रेकॉर्ड केली होती. ताई पियानो वाजवते, म्हटलं लिहूनच देऊ. त्यासाठी ‘लिलीपॉण्ड’ हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच दोस्तांनी ते १९९६ साली सुरू केलं. यात माऊसने सूर ओढायचे नाहीत. प्रोग्रॅमसारखं टाइप करायचं, कम्पाइल केलं की छापील पान तयार!

पहिल्या प्रिंटमध्ये अंगाईचे शब्द चक्क डाव्या हाताच्या स्टाफखाली! कारण शब्दांचा ब्लॉक मी सर्वांत शेवटी लिहिला होता. ज्या क्रमाने लिहाल, त्याच क्रमाने पानावर वरून खाली उतरतं. तो ब्लॉक दोन स्टाफच्या मध्ये आणला. मग अक्षरं तोडायची भानगड. मध्ये दोन डॅश द्यायचे, पण दोन्ही बाजूंना जागा सोडून. जागा विसरलात, की डॅशसकट सगळा शब्द एकाच सुराखाली!

एवढं करूनही ‘बाळ’नंतरचा प्रत्येक शब्द एक सूर आधीच येत होता. रात्री दोनपर्यंत बग शोधला. शेवटी हेडफोन लावून आजीला नीट ऐकलं. बग माझ्या मराठीत होता. बोलताना आपण ‘बाळ’ एका झटक्यात म्हणतो, ‘ळ’मधला ‘अ’ गिळून टाकतो. आजी गाताना तो गिळत नाही. ‘बा’ला एक सूर, ‘ळ’ला दुसरा. मी मात्र अख्खा शब्द एका सुरावर बसवला होता. इंग्लिश हिम्सचे सिलॅबल शाळेत बोटांवर मोजायचे मी. घरातल्या भाषेचे कधी मोजलेच नव्हते.

सकाळी प्रिंट आजीला दाखवली. चष्मा लावून म्हणाली, “अगं, बाळाचे एवढे तुकडे केलेस?” मग तिचं बोट ‘ळ’वर थांबलं आणि ती हळूच गुणगुणली. एकच ओळ, मग दम लागला.

पुढची ओळ मी म्हटली. ‘अ’ न गिळता.