जोर काढून घ्यायचा

गोरेगाव पूर्वेला नेस्को, निर्लॉनमधल्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येतात. बरीचशी मराठी माध्यमातली. व्याकरण ठीक असतं, शब्दही असतात, तरी फोनवरचा परदेशी माणूस पुन्हा विचारतो. मुलांना वाटतं, आपला ‘ट’ चुकला, ‘र’ चुकला. मी त्यांच्या ट-रला हात लावत नाही, जोर सुधारते. हैदराबादच्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेतल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत कळतं, यावर १९६९ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही न कळण्याच्या कारणांत भलत्या जागी पडलेला आघात, म्हणजे हाच जोर, ठळक होता.

जोर द्यायला मुलं पटकन शिकतात. जोर काढून घेणं जड जातं. पाढे, श्लोक, वक्तृत्व, सगळीकडे अक्षरन् अक्षर स्पष्ट हवं, ही आमच्या शाळांची शिस्त. मराठीत ती शोभते. इंग्रजीत मात्र शब्दाच्या एका अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, जोर आला की शेजारचे स्वर पुसट होतात, बहुतेक वेळा एक दबका ‘अ’ तेवढा उरतो.

फळ्यावर ‘फोटोग्राफ’ लिहिते. जोर पहिल्या अवयवावर. मग ‘फोटोग्राफी’. जोर दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार होतो जवळजवळ ‘फ-टॉ-ग्र-फी’. एक मुलगी कळवळून म्हणाली, “मॅडम, पण ‘फो’ कुठे गेला?” ती तबला शिकते, म्हणून तिला तीनताल वाजवायला लावला, बाकावरच. ‘खाली’ला, म्हणजे टाळी नसलेल्या भागाला, आल्यावर डग्ग्याचा घुमारा जातो, ‘धिं’चा ‘तिं’ होतो, मात्रा मात्र गळत नाही. इंग्रजीत दबलेला अवयव आखूडही होतो, एवढा फरक. पण ‘फो’ ‘खाली’त गेलाय, हे तिला पटलं. नंतर ‘फोटोग्राफिक’मध्ये जोर ‘ग्रॅ’वर जातो, हे तिनेच शोधून काढलं. शेवटी ‘इक’ आला की आघात बहुधा त्याच्या आधीच्या अवयवावर बसतो. ‘शन’ आणि ‘इटी’चंही तसंच. अपवाद आहेत, पण भरवसा ठेवावा इतके नियम इंग्रजीतही आहेत.

आकडे मी फार वेळ घोटून घेते, कारण तिथे पैशांचा प्रश्न असतो. थर्टी आणि थर्टीन. पहिल्यात जोर सुरुवातीला, दुसरा सुटा म्हटला तर शेवटी. पण ‘थर्टीन डॉलर्स’ म्हणताना तोच जोर पुढे, ‘थर्’कडे येतो, आणि मग कानाला आधार उरतो फक्त शेवटच्या ‘न’चा. तो गिळला की तेराचे तीस झाले. म्हणून आकडा सांगून झाला की ‘वन थ्री’ असं फोड करून पुन्हा सांगायचं, ही सवय मी सगळ्यांना लावते.

वाक्यातला जोर शिकवताना मराठी आपल्या मदतीला धावते. ‘मीच तिकीट काढलं’, ‘मी तिकीटच काढलं’, ‘मी तिकीट काढलंच’. आपण ‘च’ जिथे लावतो, तिथे इंग्रजी माणूस बहुधा नुसता आवाज उचलतो. मुलांना आधी मनात मराठी वाक्य म्हणायला सांगते, ‘च’ कुठे पडतो ते पाहायला सांगते, मग इंग्रजी. भाषांतर करत बोलू नये, असं म्हणणारे शिक्षक आहेत. या एका बाबतीत मला ते पटत नाही. पहिल्याच दिवशी मुलं बरोबर जागी आवाज उचलतात.

कोश मात्र सगळ्यांनी जवळ ठेवावा. त्यातली छोटी उभी रेघ म्हणजे आघाताची खूण. बहुतेक कोशांत ती जोर असलेल्या अवयवाच्या आधी असते, काही अमेरिकी कोशांत नंतर. त्यामुळे नवा कोश हाती आला की आधी ‘फोटोग्राफी’ काढायचा आणि रेघ ‘टॉ’च्या कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्यायचं.