पाबळच्या वाटेवर कागदाचे मचाण

राजगुरुनगरहून शिरूरच्या बाजूला निघालात की वाटेत पाबळ लागते. मस्तानीच्या समाधीमुळे गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे गेलात तर विज्ञान आश्रमातली घुमटाची घरेही जरूर पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या कोरडवाहू मुलखात ही संस्था काढली. हाताने काम करीत शिकायचे, ही तिथली रीत. घुमटाच्या आत मधोमध खांब नाही. सांगाडा सगळा त्रिकोणांचा.

त्रिकोणच का? याचे उत्तर मला परतताना मिळाले. वाटेवरच्या एका शाळेत मुले जुन्या वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्या वळत होती. गुरुजींनी काम दिले होते : कागद, खळ आणि सुतळी एवढ्यावर हातभर उंच मचाण करायचे आणि वर पाट ठेवून विटा रचायच्या.

पहिल्या मचाणाला चार पाय आणि चार आडव्या सुरळ्या. दुसरी वीट ठेवताच ते एका अंगाला कलले आणि बसले. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "कुठून गेले ते पाहा, वहीत लिहा." कागद फाटला नव्हता, सांधे फिरले होते. एका मुलीने चारही बाजूंना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या सुरळ्या बांधल्या. चौकोनाचे त्रिकोण झाले. आता सहा विटा राहिल्या!

मग एकाने पाय दुप्पट उंच केले, तर ते मधेच वाकले. बारीक पाय दुप्पट लांब झाला की त्याची ताकद साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. मधे आडवी सुरळी बांधताच पाय सावरले.

मी मात्र गप्प झालो. काही वर्षांपूर्वी माझ्या सल्ल्याने एकाने गोठा बांधला होता. मेढी चांगल्या जाड होत्या. तिरपा टेकू एकही नव्हता. वळवाच्या वाऱ्यात गोठा आडवा झाला, गाईचा पाय मोडला. मी लाकडाला दोष दिला. पण मेढी तर शाबूत होत्या! चूक माझी होती, हे त्या कागदाने दाखविले.

तेव्हा गोठा किंवा कांदाचाळ बांधण्याआधी घरातल्या मुलांना रद्दी द्या. लहान नमुना करू द्या, वजन ठेवू द्या, बाजूने ढकलू द्या. मोडायचे ते कागदातच मोडू द्या. तिथे खर्च फक्त वाटीभर खळीचा!